अजिंठ्याच्या भिंतीवरील जहाज

नांदेडच्या घाटावर उभें राहून गोदावरीच्या पात्राकडे पाहणाऱ्यास समुद्राची आठवण सहसा होत नाहीं. लातूरचा मुलूख तर पाण्याच्या दुर्भिक्षासाठींच प्रसिद्ध. 2016 सालीं त्या शहराला पिण्याचें पाणी मिरजेहून आगगाडीनें आणावें लागलें. अशा प्रदेशांत डोलकाठी, शीड आणि दोर यांची चर्चा करणें कोणास विनोदाचें वाटेल. परंतु आपल्या प्राचीन जहाजांच्या डोलकाठ्या कशा उभ्या असत, याचा पुरावा शोधूं लागलें कीं वाट कोकणांत न थांबतां घाट चढून मराठवाड्यांत येते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिलेलें ‘पेरिप्लस’ नांवाचें एक प्रवासवर्णन आहे. त्यांत भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या मजलेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, असें सांगितलें आहे. तगर म्हणजे तेरणेकांठचें आजचें तेर. तें धाराशिव जिल्ह्यांत आहे. लातूरहि 1982 पर्यंत त्याच जिल्ह्यांत मोडत असे. तगराहून साधें कापड आणि मलमल गाड्यांत भरून बिकट वाटेनें भडोचच्या बंदरीं जाई. मौज अशी, कीं तेरणेचें पाणी मांजरेंत आणि मांजरेचें पाणी नांदेडच्या खालीं गोदावरींत मिळून पूर्वसमुद्रास जातें. माल मात्र पश्चिमसमुद्राची वाट धरी. लातूरच्या परिसरांतील विणकराचें कापड अशा रीतीनें शेवटीं शिडाच्याच आश्रयास जाई.

पैठणचे राजे सातवाहन. त्यांच्यापैकीं यज्ञश्री सातकर्णी याच्या काळचीं, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धांतील, शिशाचीं नाणीं पूर्व किनाऱ्यावर सांपडलीं आहेत. त्यांच्यावर दोन डोलकाठ्यांचें जहाज कोरलेलें आहे. गोदावरीकांठच्या राजवंशानें समुद्रावरील सत्तेची खूण म्हणून डोलकाठी निवडावी, ही गोष्ट मोठी सूचक आहे. तथापि नाणें तें नाणेंच. एवढ्याशा शिशाच्या चकतीवर कोरक्यानें किती दोर दाखवावे?

खरा पुरावा अजिंठ्यास आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत पूर्ण नांवाच्या व्यापाऱ्याची कथा रंगविली आहे. हा पूर्ण शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. तो पुढें भिक्षु झाला. त्याचा भाऊ चंदनाच्या शोधार्थ समुद्रपार गेला असतां यक्षाच्या कोपानें तुफान उठलें. त्यानें पूर्णाचा धांवा केला, आणि पूर्णानें येऊन जहाज वांचविलें. पांचव्या शतकांतील चित्रकारानें तें जहाज काढलें तें नजर ठेवून काढलें आहे. दोन्ही टोंकें उंच, तीन उभ्या डोलकाठ्या, प्रत्येकीवर एकेक उंच, अरुंद शीड, पुढच्या टोंकाशीं वाऱ्यानें फुगलेलें आणखी एक शीड, मागें वल्ह्याच्या आकाराचीं सुकाणूं, छपराखालीं रांजण, नाळेवर रंगविलेला डोळा. मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनीं एकोणिसाव्या शतकांत आपल्या विद्यार्थ्यांकडून येथील चित्रांच्या प्रतिकृती करविल्या आणि या जहाजाचें बारकाईनें वर्णन केलें. राधाकुमुद मुखर्जी यांनीं 1912 सालीं आपल्या भारतीय नौकानयनावरील ग्रंथांत तेंच प्रमाण म्हणून घेतलें. पुढें हैदराबाद संस्थानचे पुरातत्त्वाधिकारी गुलाम याझदानी यांच्या खंडांनीं हीं चित्रें जगापुढें मांडलीं.

येथें एक अडचण उभी राहते. डोलकाठी म्हणजे नुसता रोवलेला वासा नव्हे. तिचें बूड तळाच्या लाकडांतील खोबणींत बसतें. परंतु वाऱ्याचा जोर वर, शिडावर पडतो, आणि लांब तरफेप्रमाणें तो सारी काठी उपटूं पाहतो. म्हणून शेंड्यापासून पुढें, मागें आणि दोन्ही कांठांस दोर ताणून बांधावे लागतात. हे दोर हालत नाहींत. ते काठीला धरून ठेवतात. शीड वर चढविणारे आणि वाऱ्यास अनुसरून फिरविणारे दोर निराळे. त्यांतून प्राचीन जहाजाच्या फळ्या लोखंडी खिळ्यांनीं ठोकलेल्या नसून काथ्यानें शिवलेल्या असल्या, म्हणजे कांठांस बांधलेला प्रत्येक दोर त्या शिवणीसच ताण देतो. एक प्रचंड डोलकाठी उभारण्याऐवजीं तीन आंखूड काठ्यांवर अरुंद शिडें वांटून देण्यांत ताण विभागण्याचा हेतु असावा, हा तर्क सयुक्तिक वाटतो.

चित्रकारास मात्र हे सारे दोर मोजून दाखविण्याचें कारण नव्हतें. त्याला भक्ताची सुटका रंगवावयाची होती. जहाजांच्या लहान प्रतिकृती करणाऱ्या हौशी कारागिरास ही उणीव चांगली ठाऊक असते. पन्नासांश प्रमाणाच्या प्रतिकृतींत चार सेंटिमीटर जाडीचा दोर एका मिलिमीटरहूनहि बारीक धागा होतो, आणि चित्रांत जहाजाची एकच बाजू असल्यानें दुसऱ्या बाजूचे दोर त्याला तर्कानेंच बांधावे लागतात. चुकलें तरी बिघडत नाहीं. सरसानें चिकटविलेली काठी फडताळांत उभी राहते. भर समुद्रांत माणसें घेऊन जाणाऱ्या जहाजाला ही सवलत नाहीं.

आणि नेमकें तेंच जहाज आपल्या काळांत पुन्हां बांधलें गेलें. भारत सरकारचें संस्कृति मंत्रालय, नौदल आणि गोव्याची होडी इनोव्हेशन्स ही कंपनी यांच्यांत 2023 सालीं करार झाला. केरळचे कारागीर बाबू शंकरन आणि त्यांचे सहकारी यांनीं काथ्या, नारळाचा तंतू आणि राळ यांच्या साह्यानें सुमारें 20 मीटर लांबीचें जहाज शिवून काढलें. मूळ आराखडा नव्हताच. आधार मुख्यतः भिंतीवरील चित्राचा. बांध्याचा आकार, दोर आणि शिडें यांचा विचार नव्यानें करावा लागला. म्हणून मद्रासच्या आय. आय. टी. मध्यें प्रथम लहान प्रतिकृती करून ती पाण्यांत पारखली गेली, आणि लांकडी डोलकाठी भार सोसेल कीं नाहीं याचें गणित नौदलानें स्वतः मांडलें. चित्रकारानें गाळलेला प्रत्येक दोर येथें कोणाला तरी ठरवावा लागला.

‘कौंडिण्य’ हें नांव घेऊन 21 मे 2025 रोजीं हें जहाज कारवार येथें नौदलांत दाखल झालें. त्यावर यंत्र नाहीं. चौकोनी शिडें आणि सुकाणूंचीं वल्हीं एवढ्यावरच तें चालतें. 29 डिसेंबर 2025 रोजीं पोरबंदर सोडून तें पश्चिमेस ओमानकडे निघालें आणि 14 जानेवारी 2026 रोजीं मस्कतच्या बंदरांत पोहोंचलें. डोलकाठ्या उभ्याच होत्या.