पाटकऱ्याचा पुतळा कुठे आहे?

कोल्हापूरजवळ कणेरीच्या सिद्धगिरी मठावरचं ग्रामजीवन संग्रहालय खानदेशातल्या माणसानं एकदा बघावं, आणि बघताना थोडं कुरकुरावंही. लोक त्याला सर्रास वॅक्स म्युझियम म्हणतात. पुतळे आहेत सिमेंटचे. लोहार, कुंभार, न्हावी, सगळे उघड्यावर आपापल्या कामात गुंतलेले. कारागिरी अव्वल, पण घरं कौलारू. आमच्याकडची धाब्याची. पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती पसरायची, चोपून बसवायची, आणि तरी पहिल्या सरीला घमेलं कुठे ठेवायचं यावरून घरात वाद!

अशा संग्रहालयाची कल्पना रुजली ती स्वीडनमध्ये. १८९१ साली आर्टूर हाझेलियस यांनी स्टॉकहोमला स्कान्सेन उघडलं. ठिकठिकाणची जुनी घरं उचलून तिथे मांडली. घर उचलता येतं. पांझरा नदीकाठचा फड कसा उचलणार?

आमच्या आजोबांची जमीन धुळ्याच्या साक्री तालुक्यात, फडातली. नदीत दगडाचा बुटका बंधारा, काठावरून निघालेला पाट, आणि त्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात आणखी काही. दरसाल पिकं फिरायची. एका फडात पीक एकच. शेजाऱ्याचा ऊस आणि आपली मिरची, असला स्वतंत्र बाणा तिथे चालत नसे. तुकडे लहान, पण जवळजवळ प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात. खरी मेख इथेच आहे. पाणी कमी असलं की पंच एखादा फड कोरडा ठेवायचे. मग पाटलाचंही रान कोरडं आणि आमचंही.

शेतकऱ्यानं पाण्याला हात लावायचा नाही. पाणी भरायचं काम पाटकऱ्याचं. गुडघ्यापर्यंत चिखलात उभा राहून तो फावड्याच्या दोन घावांत चारीचं तोंड फोडायचा, वाफा भरला की त्याच मातीनं बुजवून पुढच्या शेतावर जायचा. मालक कोण, हे तो बघत नसे. त्याच्यावर देखरेखीला हवालदार, पिकाच्या राखणीला जागल्या. आजोबा सरकारी साहेबाला घाबरत नसत, हवालदाराला मात्र दबून असत.

ही व्यवस्था किमान तीन शतकं जुनी. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेले तरुण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या धुळ्याकडे आले, तेव्हा याच पांझरेचं पाणी नेण्यासाठी दातर्तीला नळाचा सायफन बांधणं हे त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक होतं. पुढचे बंगळूर-म्हैसूरचे विश्वेश्वरय्या सगळ्यांना ठाऊक. दातर्ती साक्रीकरांनाही आठवत नाही.

पुढे विहिरी आल्या, विजेचे पंप आले, वरच्या अंगाला धरणं झाली. ज्याच्या विहिरीला पाणी, तो पंचांचं कशाला ऐकेल? बरेच फड मोडले. काही गावांनी मात्र तगवून धरले. जुन्या फडात पाटलाच्या मर्जीतल्यांना झुकतं माप मिळतच नसेल, असं मी म्हणणार नाही. पण टंचाई वाटून घ्यायची रीत लोकांनीच बसवली होती, आणि ती चालली.

धुळ्यात कुणी ग्रामजीवनाचं संग्रहालय काढणारच असेल, तर माझी एवढीच विनंती: पुतळ्यांचा खर्च वाचवा. त्या पैशात एका चालू बंधाऱ्याचा गाळ काढा आणि पाटकऱ्याचा पगार वेळेवर द्या. बघायला लोक आपणहून येतील.