टॅगचा कोड बदलतो तेव्हा: ईमेल प्रोग्राममधला पॅच कसा तपासायचा?

फोनवर जीमेल वापरताना मेलला लेबल लावता येतं, हे तुम्हाला माहीत असेलच. कॉलेज, बँक, तिकीट, नोकरी... एकाच मेलला दोन-तीन लेबलं लावली तरी चालतात. बऱ्याच ईमेल प्रोग्राममध्ये यालाच ‘टॅग’ म्हणतात. मी फावल्या वेळात नॉटमच नावाच्या ओपन सोर्स ईमेल प्रोग्राममधले टॅगचे कोडबदल वाचतो आणि तपासतो. हे काम कसं चालतं आणि त्यात काय बघावं लागतं, ते आज समजून घेऊया.

नॉटमच म्हणजे काय?

नॉटमचची सुरुवात कार्ल वर्थ यांनी २००९ मध्ये केली. तो मेल आणतही नाही आणि पाठवतही नाही. कॉम्प्युटरवर आधीच उतरवलेले मेल तो झॅपियन या सर्च इंजिनच्या मदतीने शोधतो आणि त्यांना टॅग लावतो. यात फोल्डरपेक्षा टॅगला जास्त महत्त्व आहे. नवीन मेल आला की त्याला ‘इनबॉक्स’ आणि ‘अनरीड’ हे दोन टॅग आपोआप लागतात. बाकीचे आपण आपल्या गरजेप्रमाणे लावायचे.

पॅच आणि रिव्ह्यू म्हणजे काय?

कोडमध्ये सुचवलेल्या बदलाला पॅच म्हणतात. त्यात काढलेल्या ओळींपुढे वजाचं चिन्ह असतं आणि नव्या ओळींपुढे अधिकचं. हा बदल मुख्य कोडमध्ये जाण्याआधी दुसऱ्या कुणीतरी तो वाचून तपासायचा, याला रिव्ह्यू म्हणतात. गंमत म्हणजे नॉटमचचे पॅच ईमेलनेच येतात, आणि कोणता पॅच तपासायचा बाकी आहे हेही टॅग लावूनच नोंदवण्याची सोय या प्रकल्पाने केली आहे!

टॅगच्या कोडला इतकं जपायचं कशाला?

कारण मेल परत मिळू शकतो, टॅग मिळत नाही. नॉटमचमध्ये मेल वेगळ्या फाइलमध्ये असतो आणि टॅग डेटाबेसमध्ये. डेटाबेस उडाला तर मेलच्या फाइल्सवरून तो पुन्हा बनवता येतो, पण तुम्ही लावलेले बहुतेक टॅग गेलेले असतात.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एकदा टॅग काढताना मी शोधाच्या जागी फक्त तारांकन टाकलं. त्याचा अर्थ ‘सगळे मेल’ असा होतो. एका सेकंदात ‘उत्तर बाकी’ हा टॅग सगळीकडून निघाला. मेल सगळे जागेवर होते, पण उत्तर कुणाला द्यायचंय हेच कळेना. त्यात शिष्यवृत्तीचा एक मेल होता. तो आठवला तेव्हा मुदत संपली होती. टॅग म्हणजे आपण मेल वाचून घेतलेला निर्णय असतो. तो आपल्याशिवाय कुणाकडेच नसतो.

मी विचारतो ते पाच प्रश्न

१. काम मध्येच थांबलं तर? समजा, कोड आधी सगळे टॅग काढतो आणि मग नवे लावतो. नेमकी त्याच्या मधोमध वीज गेली, तर मेल टॅगशिवाय राहील. म्हणून नॉटमचमध्ये मेल आधी ‘गोठवायचा’, बदल करायचे आणि मग ‘वितळवायचा’ अशी सोय आहे. अशा वेळी एकतर सगळे जुने टॅग राहतात किंवा सगळे नवे लागतात, अर्धवट काही होत नाही. पॅचमध्ये ही जोडी पूर्ण आहे का, ते मी आधी बघतो.

२. बदल किती मेलवर होणार? शोधाची अट थोडीशी सैल झाली तरी भलत्याच मेलचे टॅग बदलतात. माझी तारांकनाची गोष्ट आठवा.

३. विचित्र नावं चालतात का? रिकामं नाव किंवा वजाच्या चिन्हाने सुरू होणारं नाव नॉटमच नव्या टॅगला घेत नाही, कारण तिथे वजा म्हणजे ‘टॅग काढा’. नावात स्पेस असेल तर? एका फाइलमधून भरपूर टॅग एकदम लावताना स्पेसऐवजी टक्क्याचं चिन्ह आणि पुढे २० असं लिहावं लागतं. नव्या कोडला हे कळतं का, ते तपासायचं.

४. मराठी टॅग टिकतो का? इथे आपला खास उपयोग होतो. टॅगची मर्यादा २०० बाइटची आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, पण देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलंत हे सगळं वेगळं मोजलं जातं. ‘शिष्यवृत्ती’ या एका शब्दाला ३३ बाइट लागतात! म्हणजे मराठीत जेमतेम ६६ चिन्हं बसतात. फक्त इंग्रजी नावांवर चाचणी घेतली, तर इथली चूक कुणालाच दिसणार नाही. म्हणून मी प्रत्येक पॅचवर एक लांबलचक मराठी टॅग लावून बघतोच.

५. फाइलच्या नावाला धक्का लागतो का? अनरीड, रिप्लाइड, फ्लॅग्ड, पास्ड आणि ड्राफ्ट हे पाच टॅग मेलच्या फाइलच्या नावातल्या खुणांशी जोडता येतात. त्या खुणा सर्व्हरशी सिंक होत असतील, तर इथली चूक थेट तुमच्या फोनवर दिसेल. न वाचलेला मेल तिथे ‘वाचलेला’ होईल.

शेरा कसा लिहायचा?

‘चालत नाही’ एवढं लिहून उपयोग नाही. मी तीन गोष्टी लिहितो: काय केलं, काय झालं आणि काय व्हायला हवं होतं. जमलं तर तीच चूक पकडणारी छोटी चाचणीही जोडतो. नॉटमचच्या चाचण्या बहुतेक शेल स्क्रिप्टमध्ये आहेत, त्यामुळे सी भाषा फारशी येत नसली तरी त्या वाचता येतात.

सुरुवात करायची असेल तर

पॅच स्वतःच्या खऱ्या मेलवर कधीच चालवू नका. थोड्या मेलची वेगळी कॉपी करा आणि तिच्यावर चालवा. त्याआधी नॉटमचची ‘डंप’ कमांड वापरून सगळे टॅग एका साध्या फाइलमध्ये उतरवून ठेवा. काही बिघडलं तर ‘रिस्टोअर’ करून ते परत आणता येतात. माझ्याकडे तेव्हा ती फाइल असती, तर ‘उत्तर बाकी’ दोन मिनिटांत परत आला असता. आता मी ती रोज रात्री आपोआप बनेल अशी सोय करून ठेवली आहे.