नोंदीला श्रोते हवेत

नेवाशाच्या पैसाच्या खांबापाशी गेलो की मला सच्चिदानंदबाबा आठवतात. शके १२१२ मध्ये ज्ञानदेव सांगत गेले, बाबा लिहीत गेले. श्रोते समोर होते. सरकारी नोंदीला असे श्रोते कुठले?

१९७२ च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडली. हजेरीपटावर निरक्षर मजुराने नुसता अंगठा उठवायचा! १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने काम मागण्याचा हक्क दिला. ग्रामसभेने हिशेब तपासावा, हे केंद्राच्या २००५ च्या कायद्यात आले.

दूर आफ्रिकेतही तेच. युगांडात १९९१ ते १९९५ मध्ये शाळांच्या अनुदानातले शंभरात सरासरी तेराच शिलिंग शाळेपर्यंत पोचले, असे पाहणीत आढळले. मग सरकारने रकमा वर्तमानपत्रांत छापल्या, शाळांच्या दारी लावल्या, गळती घटली.

लिहिणारा पगारी मिळतो. ऐकणारे आपणच व्हायचे असते.