चौथं दान

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान ही चार दानं आपल्याला लहानपणापासून पाठ असतात. पहिली तीन आपल्या हातून थोडीफार होतात. चौथ्याचा अर्थ मात्र आपण ‘मारायचं नाही’ एवढाच धरतो. पण नुसतं न मारल्यानं जीव वाचतो का? मध्य प्रदेशातल्या कान्हाचा इतिहास याचं उत्तर देतो.

मंडला आणि बालाघाट जिल्ह्यांत, मैकलच्या डोंगरांत हे जंगल आहे. उतारांवर सालाची झाडं, माथ्यावर ‘दादर’ म्हणतात ती गवताळ पठारं आणि खाली मोठमोठी कुरणं. इथला बाराशिंगा कडक जमिनीवर राहतो. उत्तरेकडचे त्याचे भाऊबंद दलदलीत राहतात. तो जवळजवळ गवतावरच जगतो आणि त्याची पाडसंही उंच गवतातच लपतात.

शिकारीचे दिवस गेले, १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, तरी बाराशिंगे घटतच राहिले. १९७० च्या मोजणीत उरले फक्त ६६! कुरणांत गावं होती, शेती होती, गुरं चरत होती, वरचेवर गवत जळत होतं. बंदूक थांबली, पण पाडसाला लपायला जागाच नव्हती. मग काही बाराशिंगे वाघापासून सुरक्षित अशा मोठ्या कुंपणात ठेवले, आगी आवरल्या आणि आतली गावं बाहेर हलवली. शेतांच्या जागी पुन्हा गवत उगवलं. हळूहळू कळप वाढले आणि पुढे तिथले बाराशिंगे सातपुड्याच्या जंगलातही नेऊन सोडले गेले.

इथवर वाचून आपल्याला आनंद होतो, व्हायलाच हवा. पण ती गावं कोणाची होती? गोंडांची आणि बैगांची. व्हेरियर एल्विन यांनी १९३९ च्या आपल्या पुस्तकात बैगांची एक श्रद्धा नोंदवली आहे. जमीन ही आई, तिच्या छातीवर नांगर फिरवायचा नाही. म्हणून ते झाडं तोडून, जाळून त्या राखेत बी पेरत. त्याला ‘बेवर’ म्हणत. इंग्रजांनी ते जवळपास सगळीकडे बंद पाडलं. पृथ्वीकायिक जीव मानणाऱ्या आपल्याला ही माणसं परकी वाटू नयेत.

त्यांची घरं, शेतं, देवाच्या जागा गेल्या, तेव्हा हरणांना गवत मिळालं. सौंफ हे असंच उठवलेलं एक गाव. आज त्या कुरणालाच सौंफ म्हणतात. आपल्या मंदिरात पाच हजार देणाऱ्याचंही नाव संगमरवरावर कोरलं जातं. इथे अख्खं गाव गेलं आणि देणाऱ्यांची नावं कुठल्या फलकावर नाहीत. शिवाय दान स्वखुशीनं द्यायचं असतं. घेतलेल्याला दान कसं म्हणायचं?

बाराशिंगा वाचला हे चांगलंच झालं. पण जीवदयेसाठी पैसे काढताना ज्या माणसांनी जागा सोडली त्यांची मुलं कुठे आहेत, शिकतात का, पोटभर जेवतात का, हेही आपण विचारलं पाहिजे. अभय त्यांनाही हवं असतं, बायांनो.