पाचू नव्हे, डायॉप्टेझ

काही दगडांची ओळख नकाराने सुरू होते. डायॉप्टेझ हे तांब्याचे दुर्मीळ हिरवे खनिज त्यांपैकी एक. आज संग्राहक ते पैलू पाडून जपून ठेवतात. पण त्याच्या चरित्राचे पहिले वाक्य ‘हा पाचू नव्हे’ असे आहे. हे चरित्र ‘आधी चूक, मग दुरुस्ती’ अशा रीतीने सांगण्याचा प्रघात आहे. आम्हांला मात्र त्यातली खरी घटना निराळी वाटते. ती त्याच्या नामकरणाची आहे.

आजच्या कझाकस्तानात अल्तीन-त्युबे नावाची टेकडी आहे. तिथल्या चुनखडकाच्या भेगांत गर्द हिरवे स्फटिक सापडत. आशिर नावाच्या बुखारी व्यापाऱ्याने ते १७८५च्या सुमारास बोग्दानोव्ह ह्या रशियन लष्करी अधिकाऱ्याकडे दिले, आणि त्याच्यामार्फत ते सेंट पीटर्सबर्गला पोचले. रंग पाहून हा पाचूच, असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु पाचूची कठिनता ७.५ ते ८, तर ह्या दगडाची केवळ ५. पोलादी चाकूने त्यावर ओरखडा उठतो. आकाराच्या मानाने तो पाचूहून जडही आहे. पाचूत बेरिलियम असते आणि त्याची हिरवाई क्रोमियम किंवा व्हॅनेडियमच्या अंशमात्र अस्तित्वातून येते. डायॉप्टेझ हे तांब्याचे सजल सिलिकेट. त्याचा रंग बाहेरून मिसळलेला नाही. तांबे हा त्याच्या घडणीचाच भाग आहे.

तांब्याच्या हिरव्या रंगाशी मराठी घराचा परिचय जुना आहे. पण तो धास्तीचा. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, आणि भांड्याला हिरवट थर धरतो. स्वयंपाकघरातला तो कळंक आणि हा स्फटिक रसायन म्हणून भिन्न आहेत, पण दोहोंना हिरवा रंग देणारी धातू एकच.

ह्या दगडाला दोन नावे मिळाली. पॅरिसमधील धर्मोपदेशक व खनिजशास्त्रज्ञ रने ज्युस्त आउई (१७४३–१८२२) ह्यांनी १७९७ साली त्याला ‘डायॉप्टेझ’ म्हटले. पुढे हेरमान ह्या खनिजशास्त्रज्ञाने व्यापाऱ्याच्या स्मरणार्थ ‘आशिराइट’ हे नाव दिले. आधीचे नाव टिकले. व्यापाऱ्याचे नाव जुन्या ग्रंथांत पर्याय म्हणून उरले. स्टेपच्या प्रदेशातून दगड आणणाऱ्याची स्मृती मागे पडली, ह्याची खंत वाटते. तरीही आउईंचे नाव निव्वळ सत्तेच्या बळावर टिकले असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण ते एका निरीक्षणातून आले आहे. ‘आरपार’ आणि ‘पाहणे’ ह्या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून ते बनले. स्फटिक उजेडात धरला असता, तो ज्या पातळ्यांवर फुटू शकेल त्या आतल्या पातळ्या बाहेरून दिसतात. ठरावीक दिशांनी सरळ फुटण्याच्या ह्या गुणधर्माला खनिजशास्त्रात पाटन म्हणतात, आणि आउईंचे सारे स्फटिकविज्ञान त्यावरच उभे आहे. व्यापाऱ्याने रंग वाचला, आउईंनी रचना वाचली.

आणि इथेच ह्या दगडाचे दुर्दैवही आहे. जे पाटन त्याला नाव देते, तेच त्याला रत्नांच्या पंक्तीत बसू देत नाही. पैलू पाडताना तो त्याच पातळ्यांवर दुभंगतो. त्याचा वक्रीभवनांक पाचूपेक्षा अधिक, त्यामुळे चमक सरस. परंतु रंग इतका गडद की खडा मोठा झाला की काळवंडतो. म्हणून पैलूदार डायॉप्टेझ बहुधा लहानच असतो. एक-दोन कॅरटचा स्वच्छ खडाही दुर्मीळ. अंगठीत तो टिकणार नाही, हे ठाऊक असूनच कारागीर तो घडवतो. नामिबियातील त्सुमेब ही खाण उत्कृष्ट डायॉप्टेझसाठी प्रसिद्ध होती; १९९६ साली ती बंद झाली. आपल्या रत्नपरीक्षेने, आणि काव्यशास्त्रानेही, गुण आणि दोष वेगवेगळे मोजले. डायॉप्टेझमध्ये एकच लक्षण दोन्ही रकान्यांत मांडावे लागते.

ह्या खनिजाचा मानवी इतिहास मात्र व्यापाऱ्याच्याही फार आधीचा आहे. जॉर्डनमधील ऐन गझल येथे १९८३ आणि १९८५ साली चुन्याच्या गिलाव्याचे नवाश्मयुगीन पुतळे सापडले. त्यांतल्या काही पुतळ्यांच्या पापण्यांच्या कडांना हिरवी पूड लावलेली आहे, आणि ती डायॉप्टेझची आहे. त्या कारागिरांपुढे पाचू नव्हता, त्यामुळे ‘खोटा पाचू’ हा शब्दही नव्हता. डोळ्यांच्या कडांना शोभेल असा हिरवा रंग त्यांना हवा होता, आणि तो ह्या दगडात होता. एखाद्या कृतीला प्रथम दुसऱ्या कृतीची नक्कल म्हणून वाचण्याची सवय आपल्यालाही आहे. ती सोडून पाहिले, तर पुष्कळ ‘खोटे पाचू’ आपापल्या नावाने ओळखता येतील.