सांध्यातील पातळ पदर

यंत्राची थोरवी वर्णिताना चाकांचा आणि दट्ट्यांचा उल्लेख होतो. दोन धातूंच्या सांध्यात दडलेल्या पातळ पदराची आठवण सहसा कोणी काढीत नाही. कारागीर त्यास पॅकिंग म्हणतात. पुस्तकांत तो गॅस्केट या नावाने येतो. तेल, पाणी वा जळता वायू सांध्यातून निसटू न देणे हे त्याचे काम. परंतु हा पदर जीर्ण झाला की धातूस घट्ट चिकटतो, आणि तो काढताना धातूच्या पृष्ठावर खोल ओरखडा उठला, तर नवे पॅकिंग घालूनही गळती थांबत नाही. जुने काढण्याचे हे काम क्षुल्लक वाटले, तरी त्यामागे मोठा इतिहास आहे.

आरंभीच्या एंजिनांत अचूक पृष्ठ असे नव्हतेच. इ. स. १७१२ मध्ये थॉमस न्यूकमेनने इंग्लंडात खाणीतील पाणी उपसणारे एंजिन उभारले, तेव्हा दट्ट्याभोवतीची फट चामड्याने बुजवून त्यावर पाण्याचा थर ठेवावा लागे. जेम्स वॅटला सिलिंडर तप्त राखावयाचा असल्याने पाणी चालेना. म्हणून चरबीत भिजविलेले दोरखंडाचे तंतू कामी आले. पुढे जॉन विल्किन्सनने सिलिंडर कोरण्याचे नवे यंत्र केले, आणि ५० इंच व्यासाच्या सिलिंडरात जुन्या शिलिंगच्या जाडीहून अधिक चूक नाही, हा १७७६ साली मोठाच पराक्रम मानला गेला. धातूतील उणीव मऊ पदार्थाने भरून काढावयाची, अशी त्या काळाची रीत होती.

ही रीत पालटण्यास जोसेफ व्हिटवर्थचे श्रम फार उपयोगी पडले. १८४० साली ग्लासगो येथे विद्वानांच्या सभेपुढे त्याने खरी सपाटी कशी साधावी, हे सांगितले. दोन पाटे एकमेकांशी जुळले, एवढ्याने ते सपाट ठरत नाहीत. एक फुगीर व दुसरा खोलगट असू शकतो. तिसरा पाटा घेऊन तिन्ही परस्परांशी जुळले, तरच सपाटी खरी. त्या काळी पृष्ठे कुरुंदाच्या पुडीने घासण्याची चाल होती. व्हिटवर्थचा तिला आक्षेप होता. ही पूड सर्वत्र सारखी पसरत नाही, आणि तिचे कण धातूच्या छिद्रांत रुतून पुढे झीज करितात, असे त्याचे म्हणणे. त्याऐवजी रंग लावून उंचवटे हुडकावेत आणि तेवढेच खरवडणीने, म्हणजे स्क्रेपरने, काढावेत, असे त्याने सुचविले.

१९०८ साली फोर्डची मॉडेल टी मोटार बाजारात आली. तिच्या एंजिनाचे डोके सुटे होते. ते व सिलिंडर यांमध्ये तांब्याच्या पत्र्यात गुंडाळलेला ॲस्बेस्टॉसचा पदर असे. डोके उघडून एंजिन दुरुस्त करणे त्यामुळे सोपे झाले, आणि ज्या खरवडणीने सपाटी घडविली, तीच आता ती बिघडविण्याइतकी सर्वांच्या हाती आली. बिडाचे कठीण पृष्ठ पोलादी पाते पुष्कळ सोशी. परंतु पुढे ॲल्युमिनियमची डोकी रूढ झाली, आणि हा मऊ धातू तेवढा आघात सोशीना. मग फिरत्या घासचकत्या आल्या. त्यांनी काम झटपट होते खरे. पण पृष्ठावर नकळत खळगा पडतो, आणि चकतीचे कठीण कण तेलाबरोबर बेअरिंगांपर्यंत जाऊन त्यांचा नाश करितात. व्हिटवर्थचा १८४० सालचा आक्षेप येथे पुन्हा खरा ठरतो.

याहून गंभीर गोष्ट माणसाच्या फुप्फुसांची. इंग्लंडातील रॉचडेल येथे ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात राबलेली नेली कर्शॉ १९२४ साली मरण पावली. तिच्या फुप्फुसांत त्या खनिजाचे कण आढळले. १९३१ साली ब्रिटनमध्ये कारखान्यांतील या धुळीविषयी नियम झाले, आणि १९९९ साली तेथे ॲस्बेस्टॉसच्या वापरावर बंदी आली. मधल्या काळात असंख्य कारागिरांनी जुने पॅकिंग कोरडेच खरवडले आणि धूळ हवेच्या झोताने उडविली. म्हणून जुन्या एंजिनातील पॅकिंग ॲस्बेस्टॉसचेच आहे असे धरून चालावे. ते कोरडे खरवडू नये, झोताने उडवू नये. ओले करून, योग्य मुखपट्टी बांधून काढावे आणि तुकडे ओलेच पिशवीत बंद करावेत.

अनुभवी कारागीर एंजिन पूर्ण थंड झाल्यावरच डोके उघडतो. सिलिंडरांची व तेलाची भोके तो स्वच्छ कापडाने झाकतो. चिकटलेल्या पदरास योग्य द्रावक लावून, तो मऊ होईतो वाट पाहतो. ॲल्युमिनियमवर प्लॅस्टिकचे वा लाकडाचे पाते जवळजवळ आडवे धरून चालवितो. टोक कधी खुपसत नाही. शेवटी पोलादी सरळपट्टी ठेवून फीलर गेजने सपाटी तपासतो. अनेक लहान एंजिनांत ०.०५ मिलिमीटरहून अधिक वाकडेपणा खपत नाही. हे माप माणसाच्या केसाच्या जाडीहूनही सहसा कमीच भरते. शिलिंगच्या जाडीपासून इथवर येण्यास दोन शतके लागली. घाईचा एक फटकारा ही कमाई क्षणात घालवू शकतो. म्हणून द्रावक मुरेपर्यंत स्वस्थ बसलेला कारागीर वेळ दवडीत असतो, असे कोणी समजू नये.