भारत खरंच जगातला चौथा ‘सर्वाधिक समान’ देश आहे का? विषमता कशी मोजतात, समजून घ्या

जुलै २०२५ मध्ये एक दावा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपासून फेसबुकपर्यंत सगळीकडे फिरला. भारत हा जगातला चौथा सर्वाधिक समान देश आहे, असं त्यात म्हटलं होतं. पत्र सूचना कार्यालयाच्या प्रसिद्धीपत्रकात हा क्रमांक दिला होता आणि आकडा होता जागतिक बँकेचा. भारताचा गिनी निर्देशांक २५.५ आहे, असं त्यात होतं.

गिनी हे विषमता मोजायचं माप आहे. सगळ्यांकडे सारखंच असेल तर गिनी ० येतो. सगळं एकाच माणसाकडे असेल तर १००. म्हणजे आकडा जितका लहान, तितकी समानता जास्त.

आकडा खोटा नव्हता. पण तो कशाचा होता, हे बहुतेक पोस्टमध्ये लिहिलेलं नव्हतं.

२५.५ हा आकडा कशाचा आहे?

हा आकडा लोकांच्या खर्चाचा आहे, कमाईचा नाही. तो २०२२-२३ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणातून काढला आहे. याच सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात दरडोई मासिक खर्च सरासरी ३,७७३ रुपये आणि शहरी भारतात ६,४५९ रुपये होता.

यादीत भारताच्या वर असलेल्या स्लोव्हाकिया आणि स्लोव्हेनियाचे गिनी मात्र उत्पन्नावरून काढलेले आहेत. अमेरिकेचा ४१.८ हा आकडाही उत्पन्नाचाच आहे. म्हणजे एकाचा खर्च आणि दुसऱ्याची कमाई एकाच यादीत लावून क्रमांक काढला गेला.

जागतिक बँकेनेही त्याच टिपणात दोन गोष्टी नोंदवल्या होत्या. माहितीच्या मर्यादांमुळे खरी विषमता यापेक्षा जास्त असू शकते, ही पहिली. दुसरी म्हणजे, ‘वर्ल्ड इनइक्वॅलिटी डेटाबेस’नुसार भारताचा उत्पन्नाचा गिनी २००४ मध्ये ५२ होता, तो २०२३ मध्ये ६२ झाला.

खर्च आणि उत्पन्न यांत एवढा फरक का पडतो?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात चार माणसांचं एक शेतकरी कुटुंब आहे.

- पाच एकर सोयाबीन, एकरी ८ क्विंटल उतारा, ४,५०० रुपये भाव: १,८०,००० रुपये. एकरी १८,००० रुपये खर्च वजा केला की हातात ९०,०००.
- दुधाचे निव्वळ २४,०००.
- दुसऱ्याच्या शेतातली रोजंदारी २०,०००.
- पुण्यात कामाला असलेला मुलगा पाठवतो ते ६०,०००.
- पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून १२,०००.
- घरीच खाल्लेली ज्वारी आणि तूर, बाजारभावाने १४,०००.

एकूण उत्पन्न २,२०,००० रुपये. वर्षाचा घरखर्च समजा १,८०,००० रुपये.

पुढच्या वर्षी पावसाने दगा दिला आणि उतारा एकरी २ क्विंटलवर आला. विक्री ४५,००० आणि लागवडीचा खर्च ९०,०००, म्हणजे शेतीत ४५,००० चा तोटा. बाकी सगळं तेवढंच धरलं तरी घराचं उत्पन्न ८५,००० वर येतं. पण खाणं, औषधं, शाळेची फी थांबत नाही. सोसायटीचं कर्ज, उसनवारी, गहाण ठेवलेलं सोनं यांवर खर्च १,८०,००० च राहतो.

आता नांदेडच्या मोंढ्यातला एक मोठा व्यापारी घ्या. त्याची कमाई ३० लाख आणि घरखर्च १० लाख. उरलेले २० लाख प्लॉट, सोनं आणि धंद्यात जातात.

खर्च पाहिला तर दोन्ही वर्षी या दोन घरांत साडेपाच पटींचं अंतर दिसतं. उत्पन्न पाहिलं तर चांगल्या वर्षी साडेतेरा पट आणि दुष्काळी वर्षी पस्तीस पट. गरिबाचं कर्ज आणि श्रीमंताची बचत, दोन्ही खर्चाच्या आकड्यात दिसत नाहीत.

एलआयएस म्हणजे काय?

देशादेशांची कमाई एकाच मापाने मोजता यावी, यासाठी १९८३ मध्ये युरोपातल्या लक्झेंबर्ग या छोट्या देशात ‘लक्झेंबर्ग इन्कम स्टडी’ हा प्रकल्प सुरू झाला. टिमोथी स्मीडिंग, ली रेनवॉटर आणि गॅस्टन शेबर हे त्याचे प्रवर्तक. आज त्यात ५० हून अधिक देशांची माहिती आहे.

एलआयएस स्वतः घरोघरी जाऊन सर्वेक्षण करत नाही. देशांमध्ये आधीच झालेली सर्वेक्षणं घेऊन ती एका साच्यात बसवते. मजुरी कशाला म्हणायचं, पेन्शन कुठे मोजायची, घरी पिकवून खाल्लेलं धान्य धरायचं का, मुलाने पाठवलेले पैसे कुठे लिहायचे, याचे नियम सगळ्या देशांना सारखे. कर्ज मात्र उत्पन्नात धरलं जात नाही.

घरातल्या माणसांचाही हिशेब होतो. प्रचलित पद्धतीत घराचं उत्पन्न माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागतात. चार माणसांच्या घराचं उत्पन्न २ ने, नऊ माणसांच्या एकत्र कुटुंबाचं ३ ने. कारण एका छपराखाली राहिलं की चूल, भाडं, वीज वाटून घेतली जाते. वरच्या कुटुंबाचे २,२०,००० या हिशेबाने १,१०,००० होतात.

माहिती मूळ कुटुंबांच्या पातळीवरची असल्याने ती कुणालाही डाऊनलोड करता येत नाही. संशोधकाने नोंदणी करून आपला प्रोग्राम ‘लिसी’ नावाच्या प्रणालीकडे पाठवायचा, तो तिथल्या संगणकावर चालतो आणि फक्त एकत्रित निकाल परत येतो. विद्यार्थ्यांना यासाठी शुल्क नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातला विद्यार्थीही भारत आणि ब्राझीलची तुलना करू शकतो.

भारताची माहिती तिथे कुठून जाते?

‘इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हे’मधून. दिल्लीची एनसीएईआर ही संस्था आणि अमेरिकेतलं मेरिलँड विद्यापीठ यांनी तो मिळून केला. २००४-०५ मध्ये ४१,५५४ कुटुंबं आणि २०११-१२ मध्ये ४२,१५२ कुटुंबं त्यात होती. या पाहणीत त्याच कुटुंबांचं उत्पन्नही विचारलं आणि खर्चही. उत्पन्नाचा गिनी ५० च्या वर आला, खर्चाचा ४० च्या खाली. घरं तीच, फक्त प्रश्न बदलला.

सरकारी पाहण्यांचा भर मात्र खर्चावर राहिला. आपल्याकडे दारिद्र्याचा अभ्यासही त्याच वाटेने गेला. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या गरिबीचा जो गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला, तोही खर्चाच्या आकड्यांवरच उभा होता. गरिबी मोजायला खर्च चांगला, कारण पोटात काय गेलं ते त्यातून कळतं. विषमतेसाठी तो अपुरा पडतो.

उत्पन्न विचारायचे सरकारी प्रयत्न १९५० च्या दशकापासून झाले. पण लोकांनी सांगितलेलं उत्पन्न त्यांच्या खर्च आणि बचतीच्या बेरजेपेक्षा कमी भरायचं, म्हणून ते पुढे गेले नाहीत. शेतकरी कुटुंबांची पाहणी हा एक अपवाद. २०१८-१९ मध्ये देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होतं. त्यात मजुरीचे ४,०६३ आणि पिकांचे ३,७९८. ‘शेतकरी’ कुटुंबाला पिकापेक्षा मजुरीतून जास्त मिळत होतं, हे उत्पन्न विचारलं म्हणून कळलं.

संपत्तीचा हिशेब वेगळा का?

उत्पन्न म्हणजे वर्षभरात आलेलं, संपत्ती म्हणजे आजवर साठलेलं वजा कर्ज. त्यासाठी एलआयएसने ‘लक्झेंबर्ग वेल्थ स्टडी’ हा वेगळा संच केला आहे.

भारतात कर्ज आणि गुंतवणूक पाहणीतून याची माहिती मिळते. २०१९ च्या पाहणीत ग्रामीण शेतकरी कुटुंबाची सरासरी मालमत्ता सुमारे २२ लाख रुपये होती आणि शेती न करणाऱ्या ग्रामीण कुटुंबाची ८ लाखांहून कमी. यात मोठा वाटा जमिनीचा. म्हणून कागदावर ‘मालमत्ता २२ लाख’ असलेल्या घरातही दवाखान्यासाठी रोख पैसे नसतात.

मग लातूर आणि नांदेडमधली विषमता किती?

राज्याच्या आर्थिक पाहणीत जिल्ह्यांचं दरडोई उत्पन्न मिळतं. पण ती सरासरी आहे. मोंढ्यातला व्यापारी आणि ऊसतोडीची उचल घेऊन गाव सोडणारा मजूर यांची बेरीज करून भागलेला आकडा त्यांच्यातलं अंतर सांगत नाही.

१९८३ मध्येच, म्हणजे एलआयएस सुरू झाली त्याच वर्षी, महाराष्ट्रात दांडेकर समिती नेमली गेली. तिने सिंचन, रस्ते, शिक्षण अशा क्षेत्रांतला जिल्ह्यांचा अनुशेष मोजला. मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांतला फरक त्यातून मांडता आला. जिल्ह्याच्या आतला, घराघरांतला फरक मोजणं हे त्या समितीचं काम नव्हतं.

देशपातळीवरच्या पाहण्यांचे नमुने राज्यासाठी पुरेसे असतात, एका जिल्ह्यासाठी क्वचितच. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या विभागणीत लातूर आणि नांदेड मराठवाड्यातल्या इतर जिल्ह्यांबरोबर ‘इनलँड सेंट्रल’ या एकाच विभागात येतात. जानेवारी २०२५ पासून मात्र पाहण्यांच्या रचनेत जिल्हा हा मूळ घटक धरला जाऊ लागला. २०२६ मध्ये देशाची पहिली स्वतंत्र कौटुंबिक उत्पन्न पाहणी सुरू करण्याची घोषणाही सांख्यिकी मंत्रालयाने केली.

पोस्ट पुढे पाठवण्याआधी हे चार प्रश्न विचारा

१. आकडा उत्पन्नाचा, खर्चाचा की संपत्तीचा?
२. ज्या देशांशी तुलना केली, त्यांचाही आकडा त्याच गोष्टीचा आहे का?
३. ही सरासरी आहे की वाटणी?
४. पाहणी कोणत्या वर्षाची? दुष्काळाच्या वर्षातलं उत्पन्न आणि चांगल्या पावसाच्या वर्षातलं उत्पन्न सारखं नसतं.

पाहणी करणारा माणूस उद्या तुमच्या दारात येऊन कमाई विचारेल, तेव्हा कर्ज, मजुरी, घरी खाल्लेलं धान्य हे सगळं नीट सांगितलं, तरच तुमच्यासारखी घरं या आकड्यांत खरी दिसतील.